उपजत कोण आणि शिकलेला कोण?

एक

दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धा हा आपल्या चर्चेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. ज्यांच्या वस्तीत अजून घरोघरी नळ आलेला नाही, त्यांनी लंडनमधल्या नट, खेळाडू आणि माजी मंत्र्यांच्या नाचाची समीक्षा कशासाठी करायची? माझे उत्तर साधे आहे. जेथे माणसाच्या देहाला सर्वांसमक्ष गुण दिले जातात, तेथे आणखीही काही ठरत असते. कोणाचे चालणे डौलदार आणि कोणाचे गावंढळ, कोणाचे कौशल्य कष्टाने मिळवलेले आणि कोणाचे नुसते 'रक्तातले', हे तेथे ठरते. या निवाड्याचे ओझे आपण पिढ्यान् पिढ्या वाहिले आहे. म्हणून जगात कोठेही असा निवाडा चालू असेल, तर त्याची कसून तपासणी करण्याचा अधिकार आपल्याला आहे.

बी. बी. सी.ची 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' ही स्पर्धा मे २००४ मध्ये सुरू झाली. प्रसिद्ध व्यक्ती आणि व्यावसायिक नर्तक यांची जोडी लावायची, आठवड्याला एक नाच शिकवायचा, चार परीक्षकांनी दहापैकी गुण द्यायचे आणि प्रेक्षकांनी मते द्यायची, अशी तिची मांडणी. २००५ मध्ये ती 'डान्सिंग विथ द स्टार्स' या नावाने अमेरिकेत गेली. २००६ मध्ये 'झलक दिखला जा' या नावाने तीच मांडणी मुंबईत आली. आज ती जगभर पसरली आहे.

या कार्यक्रमाच्या आधी बी. बी. सी.वर 'कम डान्सिंग' नावाचा कार्यक्रम होता. तो १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि खंड पडत पडत १९९८ पर्यंत चालला. त्यात इंग्लंडच्या निरनिराळ्या विभागांतून आलेले हौशी नर्तक एकमेकांशी स्पर्धा करीत. दिवसा नोकरी करायची, रात्री नाचाच्या वर्गाला जायचे आणि वर्षभर शिवलेला झगा घालून एकदा पडद्यावर यायचे, असा तो मामला होता. २००४ मध्ये कार्यक्रमाचे नाव अर्धे राहिले. ही माणसे मात्र गेली. त्यांच्या जागी आधीच प्रसिद्ध असलेली माणसे आली. सामान्य माणसाकडे आता मत देण्याचे काम उरले. या बदलाची खंत कोणी फारशी केली नाही. मला मात्र या कार्यक्रमाचा विचार तेथूनच सुरू करावासा वाटतो.

दोन

या स्पर्धेत जे नाच होतात ते आले कोठून? साम्बा हा ब्राझीलमध्ये आणलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचा. त्या देशात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये. रुम्बा क्युबाच्या हवाना आणि मातान्सास या बंदरांतल्या काळ्या कष्टकऱ्यांचा. चा-चा-चाची धून हवानात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एन्रिके होरिन या संगीतकाराने बसवली. जाइव्हचे मूळ न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या लिंडी हॉपमध्ये. ज्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये तो बहरला, ते १९२६ मध्ये उघडले आणि १९५८ मध्ये बंद पडले. काळे आणि गोरे एकाच फरशीवर नाचू शकतील अशा त्या काळच्या मोजक्या जागांपैकी ती एक होती. टँगो ब्वेनोस आयरेसच्या गरीब वस्त्यांतला. सगळेच नाच काळ्या माणसांचे आहेत असे मी म्हणत नाही. वॉल्ट्झ हा मध्य युरोपातल्या शेतकऱ्यांच्या नाचातून वर आला, तर पासो दोब्ले स्पेनच्या बैलझुंजीवरून. पण पडद्यावर जे 'लॅटिन' म्हणून चमकते, त्याचा मोठा भाग गुलामांच्या आणि हमालांच्या अंगणातला आहे.

हे नाच लंडनला पोचले तेव्हा तेथल्या नृत्यशिक्षकांच्या संस्थांनी त्यांना नियम घातले. पाऊल कोठे टाकायचे, टाच आधी की चवडा आधी, जोडीदारांचे हात किती उंचीवर ठेवायचे, मान कोणत्या बाजूला वळवायची, हे सारे ठरले, छापले गेले आणि त्यावर परीक्षा सुरू झाल्या. बॉलरूमचा रुम्बा आणि मातान्सासचा रुम्बा यांत आज फारसे नावापलीकडचे नाते उरलेले नाही. दूरचित्रवाणीवरचे परीक्षक जेव्हा 'टाच आधी पडली नाही' किंवा 'हातांची चौकट मोडली' म्हणून गुण कापतात, तेव्हा ते या छापील नियमांनुसार कापतात. ज्या माणसांनी तो नाच निर्माण केला, ती त्या नियमांच्या पुस्तकात कोठेही नाहीत.

इतके म्हणून थांबलो तर ती प्रस्थापितांवरची नेहमीची फिर्याद होईल. पण या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे आणि आपल्यासारख्यांनी ती डोळ्यांआड करू नये. छापलेला नियम कोणालाही शिकता येतो. त्यासाठी गुरूच्या घरी जन्म घ्यावा लागत नाही. या स्पर्धेचा पहिला मुख्य परीक्षक लेन गुडमन हा तरुणपणी लंडनच्या गोदीत वेल्डिंगचे काम शिकणारा मुलगा होता. तो नाच शिकला, स्पर्धा जिंकला, नाचाचे वर्ग काढले आणि २००४ ते २०१६ अशी बारा वर्षे देशातल्या नामवंतांना गुण देत बसला. खानदानी घरात हे ज्ञान गुप्त राहिले असते तर गोदीतल्या मुलाच्या हाती ते लागले नसते. ज्यांच्या आजोबांना अक्षर ऐकण्याचीही बंदी होती, त्यांनी छापील नियमाची टवाळी करताना दहादा विचार करावा. नियम माझ्या माणसांना पुस्तकातून वगळतो, आणि तोच नियम मला दारही उघडून देतो. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

याच संदर्भात 'केकवॉक'ची हकिकत आठवते. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवर गुलाम स्त्रीपुरुष आपल्या मालकांच्या नाचाची नक्कल करीत. ती ताठ मान, तो हातातला हात, ते झुलत चालणे. मालक हसत आणि उत्तम जोडीला केक बक्षीस देत. गुलामीतून सुटलेल्यांच्या आठवणींतून ही हकिकत पुढे आली. परीक्षकाच्या खुर्चीवर बसलेल्याला आपलीच टिंगल चालली आहे हे कळत नव्हते, आणि तो तिलाच गुण देत होता. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याने पाटलाच्या समोर पाटलाचेच सोंग काढावे आणि पाटलाने खूश होऊन दौलतजादा करावी, असाच हा प्रकार. नाचाच्या स्पर्धेचा इतिहास लिहायचा तर तो या केकपासून लिहिला पाहिजे.

तीन

आता प्रत्यक्ष नाचांकडे वळू. २००८ मध्ये जॉन सार्जंट हा राजकीय वार्ताहर या स्पर्धेत उतरला. वय साठीच्या पुढे. पासो दोब्लेमध्ये पुरुष हा बैलाशी झुंजणारा वीर असतो आणि त्याच्या भोवती फिरणारी स्त्री बहुधा त्याच्या हातातले वस्त्र होते. सार्जंटने आपली जोडीदार क्रिस्टिना रिहानॉफ हिला हातांना धरून फरशीवरून ओढत नेले. धान्याचे पोते ओढावे तसे. वीररसाचा असा विनोद झाला. परीक्षक त्याला वारंवार तळाचे गुण देत आणि प्रेक्षक त्याला दर आठवड्याला वाचवत. शेवटी आपण खरोखरच जिंकू अशी भीती वाटून नोव्हेंबरमध्ये तो स्वतःहूनच बाहेर पडला. २०१६ मध्ये एड बॉल्स या माजी मंत्र्याने कोरियातल्या 'गंगनम स्टाईल' या गाण्यावर साल्सा केला. न्यूयॉर्कच्या पोर्टोरिकी आणि क्युबन वस्त्यांत घडलेल्या साल्साचे त्यात काय शिल्लक होते, हा प्रश्न त्या रात्री कोणालाच पडला नाही. लोक हसले, आणि मनापासून हसले.

या हसण्याला माझा आक्षेप नाही. एकोणपन्नास वर्षांचा माजी मंत्री कात्या जोन्स या तरुण शिक्षिकेचे ऐकतो, चुकतो, पुन्हा करतो, हे दृश्य चांगलेच आहे. सत्तेत राहिलेल्या माणसांनी शिष्य व्हावे. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्याची जागा पक्की आहे त्यालाच बावळटपणा परवडतो. सार्जंट चुकला तर फक्त सार्जंट चुकला. त्यावरून कोणी त्याच्या कुळाचा निकाल लावला नाही. आमच्यातला एखादा मुलगा व्यासपीठावर 'ण'चा 'न' करतो तेव्हा एकटा तो चुकत नाही. त्याची जात चुकते, आरक्षण चुकते, सारा मोहल्ला चुकतो. म्हणून आमची मुले चुकायला भितात, आणि चुकायला भिणारा माणूस शिकू शकत नाही. चुकण्याचा हक्क हा शिकण्याच्या हक्काचा पहिला भाग आहे. या स्पर्धेने तो प्रसिद्ध माणसांना भरभरून दिला आहे.

उलट बाजूला कॉलिन जॅक्सन पाहा. वेल्समध्ये वाढलेला, जमैकी वंशाचा, ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत १९९३ मध्ये १२.९१ सेकंदांचा जागतिक विक्रम करणारा धावपटू. २००५ च्या स्पर्धेत तो परीक्षकांच्या गुणांत वरच्या स्थानांवर राहत असे. अंतिम फेरीत प्रेक्षकांनी यॉर्कशरचा वेगवान गोलंदाज डॅरेन गॉफ याला निवडले. काळा म्हणून जॅक्सनला हरवले, असे मी म्हणणार नाही. गॉफही कष्टकरी भागातून आलेला होता आणि त्याने मेहनत केली होती. शिवाय नंतरच्या वर्षांत मार्क रामप्रकाश, अलेशा डिक्सन, ओरे ओडुबा, हमजा यासीन असे स्पर्धक जिंकलेही. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्याला येत नव्हते आणि मग आले, त्याची कथा होते. ज्याला येते असे आपण आधीच गृहीत धरले, त्याच्या घामाची कथा होत नाही. काळ्या धावपटूचे अंग लवचिक असणारच, त्याला ताल असणारच, असे धरून चालले की त्याच्या सरावाचे तास हिशेबातून गळतात. 'उपजत' हा शब्द कौतुकासारखा ऐकू येतो. प्रत्यक्षात तो मजुरी बुडवण्याचा शब्द आहे.

या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २००६ मधला मार्क रामप्रकाशचा साल्सा. क्रिकेटप्रेमी वाचकांना हे नाव परिचित असेल. त्याचे वडील गयानातले, भारतीय वंशाचे. म्हणजे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या आपल्याच देशातल्या लोकांपैकी. कौंटी क्रिकेटमध्ये धावांचे डोंगर रचणारा हा फलंदाज ५२ कसोटींत मात्र २७ च्या सरासरीवर अडकला. त्याच्या ताणाविषयी, अति शिस्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले. तोच माणूस कॅरेन हार्डीबरोबर साल्सा करताना पाहा. छाती जवळजवळ स्थिर, खाली कंबरेचे वर्तुळ पूर्ण होते, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेमक्या क्षणी जाते, आणि चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. पाहणारा म्हणेल, हे तर उपजत! पण त्या नाचात एक अपघात झाला. ध्वनिक्षेपकाची तार अडकली, नाच थांबला, आणि दोघांनी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. दुसऱ्यांदाही कंबर त्याच ठिकाणी वळली, पाऊल त्याच मात्रेवर पडले. समीक्षकाच्या दृष्टीने या स्पर्धेतले हे सर्वांत बोलके दृश्य आहे. जे पुन्हा जसेच्या तसे करता येते ते शिकलेले असते. एका अडकलेल्या तारेने 'रक्तातले' या शब्दाचा फोलपणा उघडा पाडला.

२०२१ मध्ये रोझ एलिंग-एलिस ही कर्णबधिर अभिनेत्री जोव्हानी पेर्निचेबरोबर नाचत असताना मध्येच संगीत बंद झाले. काही क्षण दोघे संपूर्ण शांततेत नाचत राहिले. त्या नाचावर 'प्रेरणादायी' या विशेषणाचा पाऊस पडला, तिला विजेतेपद मिळाले आणि तो क्षण पुढच्या वर्षी बाफ्टा पुरस्कारानेही गौरवला गेला. 'प्रेरणादायी' हे विशेषण मला अपुरे वाटते. त्या क्षणांत घडले ते असे: तोवर ऐकू येणाऱ्यांच्या जगात रोझ पाहुणी होती, संगीत थांबले तेव्हा ऐकू येणारे सगळे तिच्या जगात पाहुणे झाले. ताल कानात असतो ही समजूत गेली, आणि मोजून, पाहून, जोडीदाराच्या हाताचा दाब ओळखून अंगात रुजवलेला ताल तेवढा उरला. तिने दया मागितली नाही. 'माझ्या ठिकाणी उभे राहा आणि मग मोजा' एवढेच तिने म्हटले. दलित साहित्याने मराठी रसिकाला दुसरे काय सांगितले होते?

हमजा यासीन याचेही उदाहरण याच अंगाने पाहावे. सुदानमध्ये जन्मलेला, लहानपणी ब्रिटनमध्ये आलेला, अंगाने भारदस्त असा हा वन्यजीवांचा छायाचित्रकार २०२२ मध्ये जिंकला. दक्षिण आफ्रिकेतल्या 'जेरुसलेमा' या गाण्यावर तो योवीता प्शिस्तावबरोबर नाचला तो जोडीच्या पसंतीच्या विभागात. हा विभागच मुळी २०१८ मध्ये सुरू झाला. तोवर रस्त्यावरच्या नाचाला या स्पर्धेत स्वतःच्या नावाने जागा नव्हती. म्हणजे हार्लेमचा नाच नियमात बसवून घेतल्यानंतर, आफ्रिकेचा नाच त्याच्या स्वतःच्या चालीने दारातून आत यायला इतका काळ जावा लागला.

चार

गुण देणारा दिसतो, गुण मिळवणारा दिसतो. शिकवणारा अर्धवट दिसतो. मी शिक्षक आहे, म्हणून माझी नजर तेथे जाते. नाच रचायचा, प्रसिद्ध माणसाच्या गळी तो उतरवायचा, त्याची चूक आपल्या गिरकीआड लपवायची, आणि कॅमेऱ्यासमोर सारे श्रेय त्याच्याकडे सरकवायचे, हे व्यावसायिक जोडीदाराचे काम. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या ओटी माबुसेने २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ दोन वर्षे दोन वेगळ्या माणसांना विजेते केले. त्यांतला बिल बेली हा पंचावन्न वर्षांचा विनोदी नट होता. योहानेस राडेबे हा त्याच देशातल्या सासोलबर्गजवळच्या झामडेला या काळ्यांच्या वस्तीतून आला. २०२१ मध्ये तो जॉन व्हाइटबरोबर नाचला आणि दोघे पुरुष अंतिम फेरीपर्यंत पोचले. पुरुषाने न्यायचे आणि स्त्रीने मागे जायचे, हा त्या छापील पुस्तकातला नियम त्यांनी कोणतीही घोषणा न देता बाजूला ठेवला. ज्या वस्त्यांना वर्णभेदाने गावाबाहेर ठेवले होते, तेथली माणसे आज इंग्रजांना इंग्रजी बॉलरूम शिकवीत आहेत. या स्पर्धेत मला कोठे इतिहासाची उलटापालट दिसत असेल तर ती येथे. पण विजेत्यांच्या यादीत लोकांच्या लक्षात राहते ते नाव प्रसिद्ध माणसाचेच.

पाच

ही मांडणी मुंबईत आली तेव्हा बॉलरूमचे नियम हळूहळू मागे पडले आणि सर्व प्रकारचे नाच आत आले; त्यांत लावणीही आली. प्रसिद्ध अभिनेत्री नऊवारी नेसते, चाळ बांधते, तीन मिनिटे नाचते. आधी तिच्या सरावाची चित्रफीत दाखवतात: दुखावलेला घोटा, डोळ्यांत पाणी, 'केवढी ही मेहनत!' तिची मेहनत खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग घरांतल्या बायांनी ही लावणी पिढ्यान् पिढ्या जगवली, त्यांच्या घोट्याची चित्रफीत कोणी काढली? त्यांच्याबद्दल आपला सुसंस्कृत समाज एकच वाक्य बोलतो: त्यांना काय, रक्तातच असते. मी एका महाविद्यालयात नोकरीला नवीन असताना स्नेहसंमेलनाच्या तयारीत एका वरिष्ठांनी मला हेच सांगितले होते. 'तुमच्या मुलांना नाच शिकवायला वेगळा माणूस कशाला? त्यांना येतोच.' आणि वादविवाद स्पर्धेसाठी मात्र आमच्या मुलांचा विचारही होत नव्हता. जे आमच्या रक्तात असल्याचे सांगतात त्याची किंमत द्यायची नाही, आणि जे आमच्या रक्तात नसल्याचे सांगतात ते शिकवायचे नाही, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

येथे चळवळीतला एक जुना प्रश्न उभा राहतो. पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न बाबासाहेबांच्या कार्याला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, असा प्रसंग चरित्रात नोंदला गेला आहे. पवळासारख्या आमच्या मुलींना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. पुढे भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी गण-गवळण टाकली आणि विचार हाती घेतला. काही मंडळी यावरून असा अर्थ काढतात की नाच ही गोष्टच आपण सोडून द्यावी. मला तो अर्थ पटत नाही. नकार होता तो बाजाराला. बाईचा देह दौलतजाद्याच्या हाती देणाऱ्या व्यवस्थेला तो नकार होता. कौशल्याला नकार नव्हता. विठाबाई नारायणगावकर यांचे २००२ मध्ये निधन झाले, आणि आज शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. चांगले आहे. पण विठाबाई 'उपजत' कलावंत होत्या असे म्हणून त्यांचा गौरव करणारा माणूस त्यांच्या आयुष्यभराच्या रियाजावर पाणी ओततो.

तेव्हा अशा स्पर्धेकडे पाहताना मी तीन प्रश्न विचारतो, आणि वाचकांनीही ते विचारावेत अशी माझी सूचना आहे. हा नाच ज्यांचा, त्यांचे नाव घेतले गेले काय? शिकवणाऱ्याचे श्रम मोजले गेले काय? आणि चुकण्याचा हक्क कोणाला मिळाला? 'स्ट्रिक्टली'ची वीसहून अधिक वर्षे या कसोटीवर घासली तर पहिल्या प्रश्नावर ती साफ नापास होते, दुसऱ्यावर काठावर, आणि तिसऱ्यावर तिने फक्त प्रसिद्ध माणसांना पास केले आहे. तरीही तिच्याबद्दल मला आस्था आहे, कारण तिच्या हेतूपलीकडचे एक सत्य ती दर आठवड्याला दाखवते: डौल कोणाच्याही जन्माबरोबर येत नाही. माजी मंत्र्यालाही तो शिकावा लागतो, विक्रमवीरालाही शिकावा लागतो. हे आपल्या संमेलनात बसणाऱ्या मुलांना दाखवले पाहिजे, आणि पुढच्या वेळी नाचासाठी शिक्षक नेमताना व वादविवादासाठी नावे काढताना ते आपल्याही लक्षात राहिले पाहिजे.